लघवीची गोळी आणि रोजा

सहरीचा वक्त संपायला दहा मिनिटे उरलेली असतात. तव्यावर शेवटची चपाती असते, मशिदीतून वेळेचा पुकारा होतो आणि सून औषधांचा डबा घेऊन अम्मीसमोर बसते. बीपीची गोळी जाते, शुगरची जाते. एका छोट्या पांढऱ्या गोळीपाशी मात्र अम्मीचा हात थांबतो. "ये नको दे बेटा, ये लिए की दिनभर हलक सूकता." गोळी परत डब्यात पडते. पहिल्या रोज्याला पडते, दुसऱ्याला पडते, दहाव्यालाही पडते. विसाव्या रोज्याच्या आसपास एका रात्री अम्मीला आडवे झाले की दम लागू लागतो. दोन उशा घेऊनही झोप येत नाही. पायावर बोट दाबले की खड्डा पडतो आणि तो लवकर भरत नाही. ईदच्या खरेदीच्या दिवसांत घरातली माणसे हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली दिसतात.

शेजारच्या घरात याच्या अगदी उलट घडते. तिथले अब्बा शिस्तीचे. डॉक्टरांनी 'सकाळी एक' लिहिले आहे, म्हणून ते सहरीला पाण्याच्या शेवटच्या घोटाबरोबर गोळी घेतात. दुपारी बारापर्यंत चार-पाच वेळा लघवीला जाऊन येतात. जोहरच्या नमाजला सजद्यातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. असरपर्यंत जीभ टाळूला चिकटते, पिंडऱ्यांत गोळे येतात. घरचे म्हणतात, रोजा लागला. खरे तर रोजा लागलेला नसतो, गोळी लागलेली असते.

दोन्ही घरांत एक गोष्ट सारखी असते. गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरला पेशंट रोजे ठेवतो हे माहीत नसते, आणि पेशंटने विचारलेले नसते. विचारले असते तर बहुतेक वेळा मार्ग निघाला असता. कधी वेळ बदलून, कधी मात्रा कमी करून, कधी 'यंदा रोजा ठेवू नका' असे स्पष्ट सांगून. कारण घरोघरी 'लघवीची गोळी', 'पाण्याची गोळी', 'सूज उतरायची गोळी' म्हणून जी ओळखली जाते ती एक गोळी नाही. ते पाच-सहा तऱ्हांच्या औषधांचे एक कुटुंब आहे. एक सहा तासांत काम संपवते, दुसरी दोन-दोन दिवस अंगात राहते. एक अंगातले पोटॅशियम घालवते, दुसरी ते साठवते. म्हणून एकाच्या गोळीचा सल्ला दुसऱ्याला देता येत नाही. मोहल्ल्यात मात्र तो सर्रास दिला जातो.

नऊ जार पाणी

दोन्ही मूत्रपिंडे, ज्यांना आपण गुर्दे म्हणतो, मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात. लग्नाच्या मांडवात ठेवतात ते वीस लिटरचे जार डोळ्यांसमोर आणले, तर असे नऊ जार. अंगात रक्त असते पाचेक लिटर. म्हणजे तेच पाणी दिवसभर पुन्हा पुन्हा गाळणीतून फिरत राहते. यातले दीड-दोन लिटर तेवढे लघवीवाटे बाहेर जाते, बाकीचे सगळे रक्तात परत घेतले जाते.

हे परत घेण्याचे काम बारीक नळ्या करतात. एकेका गुर्द्यात अशा सुमारे दहा लाख नळ्या. प्रत्येक नळीच्या तोंडाशी गाळणी, पुढे नागमोडी भाग, मग केसांच्या पिनेसारखा खाली जाऊन वर येणारा फास, पुन्हा थोडा नागमोडी भाग आणि शेवटी लघवी गोळा करणारी नळी. या वाटेवर शरीर मुख्यतः मीठ, म्हणजे सोडियम, परत ओढत जाते आणि पाणी त्या मिठामागून येते. गाळलेल्या मिठापैकी जवळजवळ दोन तृतीयांश पहिल्या भागातच परत घेतले जाते, चौथा हिस्सा पिनेच्या फासात, पाच टक्क्यांच्या आसपास पुढच्या नागमोडी भागात आणि उरलेले दोन-तीन टक्के शेवटच्या नळीत.

एवढे ध्यानात आले की औषधांचे सगळे प्रकार आपोआप उलगडतात. बहुतेक लघवीच्या गोळ्या या वाटेवर कुठेतरी मिठाला अडवतात. अडलेले मीठ नळीतच राहते, पाण्यालाही थांबवून धरते आणि दोघे मिळून बाहेर पडतात. गोळी किती जोराची, हे ती कुठल्या नाक्यावर उभी आहे त्यावर ठरते.

रोज्यात शरीर नेमके याच्या विरुद्ध काम करत असते. पाणी मिळणे थांबले की मेंदूतून एक संप्रेरक सुटते आणि ते गुर्द्यांना पाणी रोखून धरायला सांगते. म्हणून असरच्या सुमारास लघवी कमी आणि गडद पिवळी होते. निरोगी माणसाला हे सहज सोसते. महाराष्ट्रात फेब्रुवारी-मार्चचा रोजा तेरा तासांच्या आसपास असतो, मे-जूनमध्ये तो साडेचौदा तासांच्या घरात जातो. तेवढा वेळ तंदुरुस्त गुर्दे पाणी जपून वापरू शकतात. पण वरून गोळी 'सोड' म्हणत असेल आणि आतून शरीर 'रोख' म्हणत असेल, तर जिंकते गोळी.

सहा तासांची गोळी

सगळ्यांत जोरदार ती पिनेच्या फासावर काम करणारी. डॉक्टर तिला 'लूप' म्हणतात. फ्युरोसेमाइड हे तिचे सर्वांत परिचित रूप, लॅसिक्स या नावाने केमिस्टपासून पेशंटपर्यंत सगळ्यांना ठाऊक असलेले. जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीत ती तयार झाली आणि १९६०च्या दशकात बाजारात आली. टोर्सेमाइड ही तिची धाकटी बहीण, जरा जास्त वेळ टिकणारी.

फासात मिठाचा चौथा हिस्सा परत घेतला जात असल्याने तिथे अडवणूक झाली की लघवीचा लोंढा येतो. फ्युरोसेमाइडची गोळी पोटात गेली की अर्ध्या-एक तासात काम सुरू होते, एक-दोन तासांत जोर कळसाला पोचतो आणि सहा-आठ तासांत ओसरतो. हृदय कमजोर झाल्यामुळे पायांवर सूज असेल, फुप्फुसात पाणी साठून दम लागत असेल, गुर्दे नीट काम करत नसतील, तर ही गोळी जीव वाचवते. रात्री दोनला धापा टाकत आलेल्या पेशंटला कॅज्युअल्टीत शिरेतून हेच औषध देतात आणि थोड्या वेळात त्याला नीट श्वास घेता येऊ लागतो. म्हणून अम्मीने ती मनाने बंद करणे हे अब्बांच्या चक्करेपेक्षाही धोक्याचे असते.

या फासाचे आणखी एक काम आहे. रोज्यात लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची जी ताकद गुर्द्यांत असते ती याच फासामुळे असते. ही गोळी ती ताकदच काही तासांसाठी काढून घेते. आता अब्बांचा दिवस पुन्हा बघावा. पहाटे सव्वापाचला गोळी, सकाळी अकरापर्यंत लोंढा, आणि भरपाईचा पहिला घोट मगरिबच्या अजानला.

म्हणून दिवसातून एकदाच ही गोळी घेणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या माणसाला डॉक्टर बहुधा ती इफ्तारच्या वेळेला घ्यायला सांगतात. खजूर आणि पाण्याने रोजा सोडला की गोळी. मग पुढचे सहा-आठ तास पाणी पिण्याची मुभा असते आणि मध्यरात्रीनंतर झोपही मिळते. एरवी हीच गोळी सकाळी द्यायचे कारण एवढेच की रात्री झोपमोड होऊ नये. रमजानात रात्रीचा बराच भाग जागेपणी जातो, तेव्हा ते कारण तितके उरत नाही.

अडचण उरते ती तरावीहची. मगरिबला घेतलेल्या गोळीचा जोर इशाच्या आसपास असतो. लांब नमाजमध्ये मध्येच उठावे लागते, वजू तुटतो आणि माणूस ओशाळतो. पुष्कळ वयस्क मंडळी गोळी सोडतात ती या ओशाळेपणापोटीच, प्यासमुळे नव्हे. तरावीह फर्ज नाही, सुन्नत आहे, आणि ती घरीही पढता येते. अशा माणसाला जमातीत मागच्या सफमध्ये, दाराजवळ जागा दिली तरी निम्मा प्रश्न सुटतो. मशिदीच्या कमिट्यांनी पाय धुवायच्या नळापासून मुतारीपर्यंतच्या अंधाऱ्या वाटेत एक दिवा लावला तर बाकीचा. म्हाताऱ्या माणसाचे खुब्याचे हाड अशाच वाटेवर, घाईत मोडते.

दिवसातून दोनदा ही गोळी घ्यावी लागणाऱ्यांचे मात्र निराळे. दोन मात्रा लागतात याचा अर्थच हृदय किंवा गुर्दे नाजूक अवस्थेत आहेत. दोन्ही गोळ्या इफ्तार आणि सहरीत कोंबायच्या खटपटीपेक्षा रोजा ठेवावा का, हाच प्रश्न आधी विचारायला हवा.

'एच' म्हणजे काय

दुसरे घराणे थायझाइडचे. फासाच्या पुढच्या नागमोडी भागात हे औषध उभे असते. तिथे परत येणारे मीठच थोडे, म्हणून हे औषध सौम्य. लघवीचा लोंढा वगैरे येत नाही आणि त्यामुळेच हजारो लोकांना आपण लघवीची गोळी घेतो हे ठाऊकच नसते. बीपीच्या गोळीचे पाकीट बघावे. नावापुढे 'एच' असेल तर बहुधा त्यात हायड्रोक्लोरोथायझाइड मिसळलेले असते. 'सीटी' किंवा 'सीएच' असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन. पत्त्यामागच्या बारीक अक्षरांत ते लिहिलेले असते, नातवाकडून वाचून घ्यावे.

या औषधाच्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९१९ साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात आल्फ्रेड व्होग्ल नावाच्या वैद्यकीय विद्यार्थ्याने उपदंशाच्या एका रुग्ण मुलीला पाऱ्याचे इंजेक्शन दिले. तिथल्या नर्स रोजची लघवी मोजून नीट नोंदवून ठेवत. इंजेक्शनच्या दिवशी आकडा अचानक वाढलेला दिसला. त्या नोंदीतून पाऱ्याची मूत्रल औषधे निघाली आणि पुढची तीसेक वर्षे सूज उतरवायला विषारी पारा टोचला जात राहिला. मग सल्फा औषधे घेणाऱ्यांच्या लघवीतून मीठ जास्त जाते असे दिसले. १९४९ मध्ये बोस्टनच्या विल्यम श्वार्ट्झ यांनी हृदयरोग्यांवर सल्फा वापरून सूज उतरते हे दाखवले. त्याच धाग्याने जात मर्क कंपनीतल्या कार्ल बायर, फ्रेडरिक नोव्हेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोरोथायझाइड बनवले आणि १९५८ मध्ये ते बाजारात आले. पाऱ्याचे युग संपले. ज्यांना सल्फाची ॲलर्जी आहे त्यांनी या गोळ्या सुरू होताना डॉक्टरला ते सांगायचे असते, त्याचे मूळ या नातेसंबंधात आहे.

थायझाइड स्वस्त आहे म्हणून कमी दर्जाचे, असा एक समज आहे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ऑलहॅट' या अमेरिकी अभ्यासात ३३ हजारांहून जास्त बीपीच्या रुग्णांवर तुलना झाली, तेव्हा क्लोरथॅलिडोनने हृदयविकार रोखण्यात महागड्या नव्या औषधांच्या बरोबरीची कामगिरी केली. कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांनाही थायझाइड देतात, कारण त्यामुळे लघवीतून जाणारे कॅल्शियम कमी होते.

हायड्रोक्लोरोथायझाइडचे लघवीवरचे काम बारा तासांत आटोपते, इंडापामाइड चोवीस तास आणि क्लोरथॅलिडोन दोन-तीन दिवसही टिकते. लांब टिकणाऱ्या गोळीची वेळ बदलून फारसा फरक पडत नाही. तिथे मात्रेचा विचार करावा लागतो आणि तो डॉक्टरनेच.

थायझाइडचा खरा धोका रोज्याच्या तहानेपेक्षा इफ्तारनंतरच्या पाण्यात आहे, आणि हे फारसे कोणाला माहीत नसते. हे औषध मीठ घालवते, पण जास्तीचे पाणी बाहेर टाकण्याची गुर्द्यांची क्षमता घटवते. दिवसभराची कसर भरून काढायची म्हणून एखादी बारीक अंगाची आजी मगरिब ते इशा तांब्यामागून तांब्या पाणी पिते, जेवण दोन घास. रक्तातले सोडियम पातळ होत जाते. दोन-चार दिवसांत ती सुस्त होते, मळमळते, विसरते, नातवंडांची नावे चुकवते. घरच्यांना वाटते रोज्याचा अशक्तपणा, किंवा वय. असे अचानक बोलणे-वागणे बदलले तर त्याच दिवशी रक्तातले सोडियम तपासून घ्यावे. पाणी इफ्तार ते सहरी थोडे थोडे विभागून प्यावे. हृदयाच्या रुग्णांना तर दिवसभराच्या पाण्याचे माप डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते, ते रमजानातही तेच राहते.

आणि नळी-निहारी-पाया. थायझाइड आणि लूप दोन्ही रक्तातले युरिक ॲसिड वाढवतात. त्यात दिवसभर पाणी नाही आणि रात्री मटणावर ताव, मग पहाटे पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकतो. तो गाऊट असतो.

खजुराची बशी

वरच्या दोन्ही गोळ्या लघवीतून पोटॅशियमही घालवतात. ते कमी झाले की पिंडऱ्यांत गोळे येतात, गळून गेल्यासारखे वाटते, धडधड होते. हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्यांना हे जास्त धोक्याचे. तिसरे घराणे याच्या उलट वागते. स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे ॲल्डॅक्टोन, आणि तिची नवी बहीण एप्लेरेनोन शेवटच्या नळीत काम करतात. ॲल्डोस्टेरॉन नावाचे संप्रेरक शरीराला मीठ धरून ठेवायला सांगते, या गोळ्या त्याचा निरोप पोचू देत नाहीत. मीठ जाते, पोटॅशियम राहते. काम सावकाश, पूर्ण परिणाम यायला दोन-तीन दिवस लागतात. म्हणून एखाद-दोन तासांनी वेळ पुढेमागे झाल्याने बिघडत नाही.

लिव्हर खराब झाल्याने पोटात पाणी भरते त्यात स्पायरोनोलॅक्टोन मुख्य औषध. कमजोर हृदयात तर तिने नवलच केले. १९९९ मध्ये आलेल्या 'रेल्स' अभ्यासात गंभीर हृदयरोग्यांना नेहमीच्या औषधांसोबत ही गोळी दिली तेव्हा मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटले. काही पुरुषांची छाती दुखू-वाढू लागते, तेव्हा लाजून गोळी बंद करण्याऐवजी सांगावे. एप्लेरेनोन त्याचसाठी आहे. लॅसिलॅक्टोनसारख्या गोळीत लूप आणि स्पायरोनोलॅक्टोन दोन्ही एकत्र असतात, म्हणजे वेळ ठरवताना त्यातल्या लूपचा विचार करावा लागतो.

आता दस्तरखान बघू. खजूर, केळी, मोसंबीचा रस, नारळपाणी, फ्रूट चाट. यातल्या प्रत्येकात पोटॅशियम भरपूर. तीन खजुरांनी रोजा सोडल्याने सहसा काही होत नाही. पण गुर्दे आधीच कमजोर, त्यावर स्पायरोनोलॅक्टोन, शिवाय बीपीसाठी टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, जी स्वतःही पोटॅशियम वाढवतात, आणि समोर खजुराची भरलेली बशी व नारळपाण्याचे दोन ग्लास, हा मेळ वाईट. रक्तात पोटॅशियम फार वाढले की हृदयाची लय बिघडते आणि बहुतेकदा आधी काही कळत नाही. बीपीवाल्यांसाठी चांगले म्हणून दुकानात मिळणारे 'लो सोडियम' मीठ अशा माणसाने मुळीच घेऊ नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.

साध्या मिठाबद्दलही एक शब्द. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. इफ्तारची भजी, समोसा, चण्याची उसळ, हलीम, त्यावर चाट मसाला, लोणचे, पापड यांत ते मगरिबलाच ओलांडले जाते. गोळी मीठ बाहेर काढायला धडपडते आणि आपण ताटातून ते भरत राहतो. मग सूज उतरत नाही आणि गोळी 'लागू पडत नाही' असे म्हणून मात्रा वाढते.

बाकीची मंडळी

कुटुंबातले इतर सदस्य थोडक्यात. ॲसिटाझोलामाइड नळीच्या पहिल्या भागात काम करते. लघवीसाठी आता ती क्वचितच वापरतात, काचबिंदूत डोळ्याचा दाब कमी करायला आणि लडाखसारख्या उंच ठिकाणी जाणाऱ्यांना देतात. मॅनिटॉल ही मेंदूची सूज उतरवायला शिरेतून द्यायची एक प्रकारची साखर, तिचा रोज्याशी संबंध येत नाही.

डॅपाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या मात्र आता मोहल्ल्यामोहल्ल्यात आल्या आहेत. त्या मधुमेहाच्या गोळ्या. लघवीतून साखर सोडतात आणि साखरेबरोबर पाणी आणि थोडे मीठही जाते. आता शुगर नसलेल्या हृदयरोग्यांना आणि गुर्द्याच्या रुग्णांनाही त्या देतात. रमजानात त्या इफ्तारला घ्याव्यात, पाणी पुरेसे प्यावे आणि ऐन रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करू नयेत, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. ही गोळी चालू असताना उलट्या, पोटदुखी, धाप असे काही झाले तर साखर नॉर्मल दिसली तरी रोजा सोडून हॉस्पिटल गाठावे. रक्तात आम्ल साठलेले असू शकते.

हकीमसाहेबांचाही यात वाटा आहे. युनानीत या औषधांना 'मुदिर-ए-बौल' म्हणतात. शरबत-ए-बजूरी, कासनी, गोखरू, काकडीच्या बिया हे सगळे त्यात येते. एकट्याने घेतले तर त्रास थोडा. पण लॅसिक्स घेणारा माणूस इफ्तारला 'थंडावा' म्हणून बजूरीही पीत असेल, तर ते डॉक्टरला आणि हकीमला दोघांनाही माहीत हवे. वरून चहा-कॉफीचे कपावर कप, तेही थोडी लघवी वाढवतातच.

सगळ्यांत घातक जोड मात्र अंगदुखीच्या गोळीची. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्या तरावीहनंतर कंबर दुखते म्हणून सहज घेतल्या जातात. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक, तिन्ही एकत्र आणि अंगात पाणी कमी, अशा अवस्थेत गुर्दे काही दिवसांत बंद पडू शकतात. साध्या दुखण्याला डॉक्टर पॅरासिटामॉल सांगतात ते यासाठी.

सवलत आहे, घेत नाही कोणी

सूरह बकरामध्ये रोजे फर्ज झाल्याचा हुकूम जिथे आहे तिथेच आजारी आणि मुसाफिर यांची सवलत आहे. त्यांनी नंतर दिवस मोजून रोजे पुरे करावेत. ज्याला बरे होण्याची आशा नाही त्याने एकेका रोज्यामागे एका गरिबाला जेवू घालावे, हा फिदिया. रोज्यातच जीव घाबरला, चक्कर आली, दम लागला आणि रोजा सोडावा लागला तर त्याची फक्त कजा आहे, कफ्फारा नाही. हे सगळ्यांना पाठ असते. तरी साठ-सत्तर वर्षांत एकही रोजा न सोडलेल्या माणसाला घरात सगळे रोजेदार असताना दुपारी ताट वाढून घेणे जड जाते. नातवापुढे पाणी प्यायला लाज वाटते. डॉक्टरने 'नको' म्हटले तर तो 'आपला' नाही म्हणून समजत नाही, असे म्हणता येते. म्हणून घरातल्या मुलाने मशिदीच्या मौलानासाहेबांना एकदा भेटून सांगावे. जे डॉक्टर आणि मुले सांगून ऐकत नाहीत ते पुष्कळदा मौलानांच्या एका वाक्याने ऐकतात.

अलीकडे हृदयासाठी दवाखान्यात भरती होऊन आलेले, बसल्याजागी दम लागणारे, डायलिसिसवर असलेले, गुर्द्याचा आजार बराच पुढे गेलेले, यांना डॉक्टर सहसा रोजा ठेवू देत नाहीत. बाकीच्यांनी खरे तर शाबानमध्येच जायला हवे असते. रमजान सुरू झाला असेल तरी उशीर झालेला नाही. जाताना घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, बीपीच्या, शुगरच्या, अंगदुखीच्या आणि हकीमच्या बाटलीसकट. विचारायचे ते एवढेच: मी रोजे ठेवतो, यातली लघवीची गोळी कोणती, ती किती तास काम करते, ती कधी घेऊ आणि किती घेऊ. रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासून झाले की डॉक्टरला नेमके सांगता येते. मात्रा बदलली तर आठ-दहा दिवसांनी ही तपासणी पुन्हा करायला सांगतात.

घरी करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला खर्च नाही. वजनकाटा. सहरीच्या आधी, लघवी करून आल्यावर, रोज एकाच वेळी वजन बघायचे. दोन-तीन दिवसांत दोन किलोने वाढले तर अंगात पाणी साठते आहे, तितकेच घटले तर अंग सुकते आहे. दोन्हींत डॉक्टरला फोन करायचा, गोळी आपल्या मनाने वाढवायची-कमी करायची नाही. आकडा लिहायला वेगळी वही शोधायला नको. मशिदीतून वाटलेले सहर-इफ्तारचे वेळापत्रक स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेले असतेच. तीस ओळी, प्रत्येक ओळीत रोज्याचा आकडा, तारीख, सहरीची वेळ, इफ्तारची वेळ. उजवीकडे थोडी कोरी जागा असते. तिथे अम्मीचे वजन लिहायचे, आणि गोळी गेली की पुढे एक बारीक टिक.